सकाळी सहाचं मैदान आणि ज्वारीच्या लाह्या: परभणीतल्या एका उन्हाळी खेळवर्गाबद्दल

मी अठ्ठावीस वर्षं अंगणवाडी सेविका होते. लेकरांची वजनं घेणं, खिचडी वाढणं, न खाणाऱ्याच्या मागं वाटी घेऊन फिरणं, यातच माझी नोकरी गेली. म्हणून सुनेनं माझ्या नातवाचं आणि नातीचं नाव उन्हाळी खेळवर्गात घातलं तेव्हा पहिल्या दिवशी मी सोबत गेले, आणि मग एकवीसच्या एकवीस दिवस गेले. परभणीत एप्रिल-मे महिन्यात नऊ वाजले की मैदानावर पाय ठेववत नाही, त्यामुळं वर्ग सकाळी सहा ते आठ. फी ६०० रुपये, खाऊ त्यातच. आठ ते चौदा वयाची चौतीस लेकरं, शिकवायला दोन ताया आणि एक सर.

न पटलेलं आधी सांगते. पहिल्या दिवशी वजनकाटा मांडला आणि सरांनी एकेकाचा आकडा सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचला. दहा वर्षांच्या एका जाडसर पोराला तिथंच 'ढोल्या' नाव पडलं. दुसऱ्या दिवशी ते लेकरू आलंच नाही. मी सरांना बाजूला घेतलं आणि म्हटलं, "सर, काट्यावरचा आकडा लेकराच्या आईला सांगायचा असतो, गल्लीला नाही." सर एक शब्द उलट बोलले नाहीत. त्या संध्याकाळी ते स्वतः त्या पोराच्या घरी गेले आणि तिसऱ्या दिवशी त्याला सोबत घेऊन आले. पुन्हा काटा निघाला तो शेवटच्या आठवड्यात, खोलीत, एकेका पालकासमोर.

त्याच पोरामुळं मला या वर्गाची खरी किंमत कळली. लंगडी असो, डॉजबॉल असो, आपल्या खेळांत जो मंद तो आधी बाद होतो आणि कडेला जाऊन बसतो. म्हणजे ज्याला पळायची सगळ्यात जास्त गरज, तोच सगळ्यात जास्त वेळ बसून. मी घड्याळ लावून बघितलं, अर्ध्या तासाच्या लंगडीत तो जेमतेम चार मिनिटं मैदानात होता. मोठ्या ताईंच्याही हे ध्यानात आलं असावं. चौथ्या दिवसापासून त्यांनी नियम बदलला: बाद झालेल्यानं बसायचं नाही, मैदानाला एक फेरी मारायची, पाच उठाबशा काढायच्या आणि परत डावात यायचं. पहिले काही दिवस पोरगं फेरी चालतच मारायचं. तिसऱ्या आठवड्यात मात्र ते न थांबता तीन फेऱ्या पळालं, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांत 'ढोल्या' म्हणणारेही होते. जागतिक आरोग्य संघटना पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना दिवसाला सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल सांगते. या एका नियमानं ती साठ मिनिटं शेवटच्या लेकरापर्यंत पोचली. एवढ्या वर्षांत मला हे सुचलं नव्हतं.

लगोरी, रस्सीखेच, सूर्यनमस्कार हे होतंच, पण सगळ्यात रंगला तो खो-खो. चुन्यानं आखलेल्या चौकोनांत आठ जण एकाआड एक उलट दिशांना तोंड करून बसलेले, नववा पळणारा. बसायचं, खो मिळताच झपकन उठायचं, वाकायचं, वळायचं, सगळं अंग कामाला लागतं. साहित्य म्हणावं तर दोन खांब आणि चुना. १९ जानेवारी २०२५ ला दिल्लीत पहिल्या खो-खो विश्वचषकात आपल्या मुलींनी नेपाळला ७८-४० नं हरवलं, आणि कर्णधार प्रियंका इंगळे मूळची आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यातली, हे धाकट्या ताईंनी सांगितलं तेव्हा माझी नात मान वर करून ऐकत होती. त्याच जिल्ह्यातल्या मांडव्याच्या धावपटू अविनाश साबळेचं नाव तर पोरांना आधीच पाठ होतं.

आता खाण्याकडं येते, कारण तिथं माझी नजर जास्त बारीक. अर्धी लेकरं घरून चहा-बटर खाऊन यायची. तायांनी पालकांना बोलावून सांगितलं की जेवणासोबत किंवा लगेच नंतर चहा घेतला तर अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही. गरोदर बायांना गोळ्या देताना मी हेच घसा फोडून सांगायची! चहाऐवजी रात्री भिजवलेले मूठभर शेंगदाणे नाहीतर एक केळ खाऊन पाठवा, असं ठरलं. आमच्या घरी दोन दिवस रडारड झाली, तिसऱ्या दिवशी नातू स्वतःच वाटी शोधायला लागला.

मैदानावरचा खाऊ पावणेआठला, खेळ संपल्यावर, कडकडून भूक लागलेली असताना. मोड आलेल्या मटकीत काकडी, कांदा आणि वर लिंबू. लिंबानं कडधान्यातलं लोह चांगलं शोषलं जातं, त्यामुळं ते फक्त चवीपुरतं नव्हतं. कधी धपाटे आणि दही, कधी ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील, कधी गुळाचं पन्हं. ज्वारीच्या लाह्या, शेंगदाणे आणि गूळ असला की दुसऱ्यांदा मागणाऱ्यांची रांग लागायची. सहा-सहा, सात-सात जणांच्या तुकड्या होत्या आणि रोज एकीकडं काम: काकडी चिरणं, लिंबं पिळणं, वाट्या मोजणं, शेवटी धुणं. घरी काकडीचं ताट सरकवणाऱ्या माझ्या नातीनं आपल्या हातानं चिरलेली काकडी खाल्ली, आणि मैत्रिणीलाही आग्रह केला.

एकदा सरांनी ज्वारीचं कणीस आणून गोष्ट सांगितली. आपल्याच गावच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठानं हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेसोबत 'परभणी शक्ती' हा लोह आणि जस्त जास्त असलेला वाण काढला, २०१८ मध्ये. एक पोरगं म्हणालं, "म्हणजे आमच्या कॉलेजवाल्या रस्त्यावर?" रोज ज्या फाटकावरून ते जातं त्याच्या आत ज्वारीवर एवढं काम होतं, हे त्याला नवीन होतं.

उणिवा दोन, आणि त्या सुधारायलाच हव्यात. मैदानावर मुलींसाठी स्वच्छतागृह नव्हतं. तेरा-चौदा वर्षांच्या पोरी त्यामुळं घरून पाणी न पिता यायच्या, आणि परभणीच्या उन्हात हे धोक्याचं आहे. माझ्या डोळ्यांसमोर एकीला चक्कर आली. शेजारच्या एका घरानं नंतर सोय करून दिली, पण ती पहिल्या दिवसापासून हवी. दुसरं म्हणजे समारोपाला एका देणगीदारानं सगळ्यांना कोलाच्या बाटल्या वाटल्या. शंभर मिलीला दहा-अकरा ग्रॅम साखर, म्हणजे छोट्या दोनशेच्या बाटलीतच पाच चमचे. वीस दिवस पन्हं पाजून एकविसाव्या दिवशी हे कशाला? मला फार वाईट वाटलं आणि मी ते तायांना बोललेही. पुढच्या वेळी देणगी घ्यायची तर फळांची घेऊ, असं त्या म्हणाल्या.

दिवाळीच्या सुट्टीत बारा दिवसांचा वर्ग आहे. पालकांनी लेकराला बूट आणि पाण्याची मोठी बाटली द्यावी, आणि जमलं तर एखादा दिवस स्वतः थांबून बघावं. आमच्या दोघांची नावं मी घालून ठेवली आहेत. नातीनं तोवर दारातल्या कडुलिंबाच्या झाडाला खांब केलंय, रोज संध्याकाळी त्याला धरून वळायचा सराव चालतो, आणि तळहात सोलले तरी ऐकत नाही.