बनावट गिऱ्हाईक की पीडितेची साक्ष?

म्हापशातली एक नवी सरकारी वकील विचारत होती, मानवी तस्करीच्या खटल्यात भर कशावर द्यावा?

पुराव्याचं बघू. कळंगुटच्या खोलीत सौदा झाला, हे पोलिसांनी पाठवलेलं बनावट गिऱ्हाईक सांगू शकतं. त्यासाठी त्याला दिलेल्या नोटांचे नंबर आधीच पंचनाम्यात हवेत. विनावॉरंट झडती असेल तर १९५६च्या अनैतिक व्यापार (प्रतिबंध) कायद्याच्या कलम १५प्रमाणे किमान दोन स्थानिक पंच, त्यांत एक तरी बाई. इथेच घाई होते आणि केस ढिली पडते. मुलीला गावाहून कोणी, काय सांगून आणलं, हे मात्र तीच सांगणार.

टिकाऊपणात दोन्ही कच्चे. पंच फितूर होतात, मुलगी परराज्यात परतते. म्हणून तिचा जबाब लगेच न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवावा.

उलटतपासणीचा जाच तिलाच, हे मला फार सलतं.

अड्डा चालवणाऱ्यापुरता खटला असेल तर नीट लावलेला सापळा पुरतो. दलालांवर भारतीय न्याय संहितेचं मानवी तस्करीचं कलम १४३ टिकवायचं, तर तिची साक्षच कणा.