ओमनीचा क्रॉस, क्लच आणि हाउसिंग: काय बदललं, काय राहू दिलं

आमची मारुती ओमनी व्हॅन २०१२ ची. शेंदूरजना घाटजवळ आमची संत्र्याच्या कलमांची नर्सरी आहे आणि पावसाळ्यात कलमं गिऱ्हाइकाच्या शेतापर्यंत हीच गाडी पोचवते. चालवते मी. मातीच्या पिशव्यांसकट कलमं भरली की मागचे पाटे पार दबतात, त्यात मुलताईकडची ऑर्डर असली की घाट. ओमनीचं इंजिन पुढच्या सीटखाली आणि ओढतात मागची चाकं, म्हणजे सगळा जोर लांब जॉइंट शाफ्टमधून, म्हणजे गाडीखालच्या फिरत्या दांड्यातून, मागच्या हाउसिंगपर्यंत (मागच्या चाकांमधल्या गिअरच्या पेटीपर्यंत) जातो. इतक्या वर्षांत तिथं झीज होणारच.

यंदा तीन तक्रारी होत्या. रिव्हर्समधून काढून पहिला गिअर टाकला, क्लच सोडला की खालून टक्क. पन्नासच्या पुढं मागून घूं असा आवाज. आणि भरल्या गाडीला चढावर इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी त्या मानानं सरकायची नाही.

शहरातल्या एका मोठ्या गॅरेजात दाखवली. गाडीखाली कोणी वाकलंही नाही. अख्खी हाउसिंग, शाफ्ट आणि क्लच बदला म्हणाले, आणि जो आकडा सांगितला तो गाडी विकून येणाऱ्या पैशाच्या तिसऱ्या हिश्श्याला टेकत होता. घरात लगेच ‘विकून टाका’ सुरू झालं. पण ओमनी २०१९ मध्येच बंद झाली, आणि नवी ईको व्हॅन म्हणजे पाच लाखांच्या पुढची गोष्ट. संत्र्याचा भाव पाहता यंदा तो विषय आम्ही काढणार नव्हतो.

मग वरुडच्या बाहेर मोर्शी रस्त्याला टिनाच्या शेडमध्ये एक जुने मिस्त्री बसतात, त्यांच्याकडे नेली. हा अनुभव सविस्तर लिहिते, कारण काय बदलायचं हे ठरवण्याची त्यांची पद्धत मला फार पटली.

आधी त्यांनी स्वतः गाडी चालवली, मला बाजूला बसवून. आवाज सुरू झाल्यावर ॲक्सिलरेटर सोडला, पुन्हा दाबला. दाबल्या-सोडल्यानं आवाज बदलत असेल तर क्राउन-पिनियनकडे, म्हणजे हाउसिंगमधल्या दातेरी चाकांच्या जोडीकडे बघायचं; न बदलता नुसता वेगासोबत वाढत असेल तर बहुधा चाकाचं बेअरिंग. आमचा बदलत होता. क्लचसाठी हँडब्रेक ओढून वरचा गिअर टाकला आणि क्लच हळूहळू सोडला. चांगल्या क्लचवर इंजिन तिथंच बंद पडायला हवं. आमचं चालूच राहिलं. प्लेट संपली, यात वादच नव्हता.

मग गाडी जॅकवर. शाफ्ट हातानं हलवला तर दोन्ही क्रॉसमध्ये, म्हणजे शाफ्टच्या टोकांच्या सांध्यांमध्ये ढिलाई, आणि कपांच्या कडेला गंजाची लाल भुकटी. हाउसिंगचं तेल काढलं तर ते भरायला हवं त्यापेक्षा बरंच कमी. पिनियनचं ऑइल सील ओलं होतं, तिथून गळत होतं. त्या तेलात त्यांनी चुंबक फिरवून मला दाखवला. राखाडी मऊ लेप होता, लोखंडाचा कण किंवा दाताचा तुकडा एकही नाही.

“ताई, टक्क आवाज क्रॉसचा हाय. हाउसिंग खोलाची काहून घाई करता? तेल कमी हाय म्हून बोंबलते ते.”

क्राउन आणि पिनियन जोडीनंच बदलावे लागतात, एक नवा नि एक जुना चालत नाही. त्यातही शिम (पातळ चकत्या) लावून दातांची बसणी नीट जमली नाही तर नवी जोडीसुद्धा आवाज करते. दात शाबूत असताना ती जोडी उघडायची नाही, असं त्यांचं मत. “घूं कमी होईन, पन पुरा जाईन असं मी सांगत नाही,” हेही त्यांनी आधीच सांगून टाकलं.

म्हणून बदललं एवढंच: दोन्ही क्रॉस, पिनियनचं सील, गिअर ऑइल, आणि क्लचची प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग असा पूर्ण सेट. बेअरिंग अजून चाललं असतं. पण एकदा गिअरबॉक्स उतरवला की तेवढ्यासाठी पुन्हा उतरवायची मजुरी देण्यात अर्थ नाही. शाफ्ट काढण्याआधी फ्लँजवर, म्हणजे तो जिथं बोल्टनं जोडलेला असतो त्या चकतीवर, खडूनं खूण केली, म्हणजे तो होता तसाच बसेल आणि थरथर येणार नाही. सील बदलताना पिनियनच्या नटालाही खूण केली. तो नट जास्त आवळला तर बेअरिंगवर नको तेवढा दाब येतो. हे काम मी उभी राहून पाहिलं, आणि इतकं जपून काम करणारा माणूस आमच्या भागात आहे याचा मला मनापासून आनंद झाला.

मजुरीसकट खर्च सात हजारांच्या आत. टक्क पूर्ण गेला. घाटात भरली गाडी आता तिसऱ्यात चढते. घूं साठच्या वर थोडा ऐकू येतो. तो वाढला किंवा पुढच्या वेळी तेलात कण दिसले, तर हाउसिंगचा विचार करू. २०२७ मध्ये गाडीला पंधरा वर्षं होतील, नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवायची की नाही ते तेव्हा ठरवायचंच आहे. त्याआधी तिच्यात मोठा पैसा घालायला माझं मन तयार नाही.

काही गोष्टी खटकल्या, त्याही लिहिते. सांगितलेल्या दिवशी गाडी मिळाली नाही. पार्ट ते ठेवत नाहीत. यादी देतात, आपण अमरावतीहून आणायचे. क्लच सेट कंपनीचाच घ्या असं ते बजावतात आणि स्वस्तातला आणला तर बसवायला नाही म्हणतात, ते मात्र मला आवडलं. शेड उघडी आहे, पाऊस आला की काम थांबतं.

जायचं असेल तर मे महिन्यातच जा. जून लागला की ट्रॅक्टरवाल्यांची गर्दी होते आणि व्हॅन मागं पडते. काढलेले जुने पार्ट मागायची गरज नाही, ते स्वतःच पोत्यात भरून गाडीत ठेवून देतात.