लिंकनच्या टेकडीवरील नावांच्या भिंती

इंग्लंडमधील लिंकन शहराजवळच्या कॅनविक टेकडीवर ‘इंटरनॅशनल बॉम्बर कमांड सेंटर’ हे स्मारक आणि प्रदर्शन २०१८ पासून खुले आहे. बॉम्बर कमांड म्हणजे दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ले करणारा ब्रिटिश हवाई दलाचा विभाग. मी त्याची शिफारस मनापासून करतो. मात्र तेथे जाण्यापूर्वी केंद्राच्या संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध असलेली मृतांची नोंदसूची उघडून त्यातील किमान एका माणसाची माहिती वाचून जावे. तसे न केल्यास पोलादी पत्र्यांत कोरलेल्या सुमारे ५८,००० नावांपुढे माणूस केवळ स्तब्ध होतो, त्याला आठवायला कोणीच नसते.

मी सिरिल बार्टनची माहिती वाचून गेलो होतो. ३० मार्च १९४४ च्या रात्री जर्मनीतील न्यूरेंबर्ग शहरावर बॉम्ब टाकायला निघालेल्या हॅलिफॅक्स या बॉम्बफेकी विमानाचा हा वैमानिक अवघा बावीस वर्षांचा होता. लक्ष्याच्या वाटेवर जर्मन लढाऊ विमानांनी हल्ला केला, आतील संभाषणयंत्रणा बंद पडली आणि इशाऱ्याचा चुकीचा अर्थ लागल्यामुळे नॅव्हिगेटर, बॉम्ब टाकणारा आणि वायरलेस ऑपरेटर असे तिघे पॅराशूटने बाहेर पडले. वाट दाखवणारे कोणी नसताना, एक इंजिन निकामी झालेले आणि इंधन गळत असलेले विमान त्याने लक्ष्यापर्यंत नेले आणि तेथून पुन्हा इंग्लंडच्या किनाऱ्यापर्यंत आणले. रायहोप या खाणकामगारांच्या गावाजवळ, घरे चुकवण्याचा प्रयत्न करत असताना ते कोसळले. त्यात बार्टन आणि गावातील एक खाणकामगार मरण पावले. विमानात उरलेले तिघे सहकारी वाचले. बार्टनला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटनचे सर्वोच्च शौर्यपदक देण्यात आले. त्या एकाच रात्री ७९५ विमानांपैकी ९५ परतली नाहीत.

स्मारकाचा मनोरा ३१.०९ मीटर उंच आहे, म्हणजे बॉम्बर कमांडच्या लँकेस्टर या बॉम्बफेकी विमानाच्या एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जेवढे अंतर, तेवढाच. हे माहीत असले की मान वर करून पाहताना त्या विमानाचा आकार डोळ्यांपुढे उभा राहतो आणि त्यात दाटीवाटीने बसलेली सात माणसेही आठवतात. समोर लिंकनचे कॅथेड्रल दिसते. परतणाऱ्या वैमानिकांना घर जवळ आल्याची तीच खूण होती. लिंकनशायरमधील २७ बॉम्बर तळांसाठी आवारात लिंडेनची २७ झाडे लावली आहेत, आणि मला ही कल्पना फार आवडली.

प्रदर्शनाला तिकीट आहे आणि ते घ्यावेच. बॉम्बर कमांडच्या सव्वा लाख हवाई सैनिकांपैकी ५५,५७३ मारले गेले. ते सर्व स्वेच्छेने भरती झाले होते. तरीही लंडनमध्ये त्यांचे राष्ट्रीय स्मारक उभे राहायला २०१२ साल उजाडले, कारण त्यांनी टाकलेल्या बॉम्बखाली हँबर्ग आणि ड्रेस्डेनसारखी शहरे जळाली होती आणि हजारो नागरिक मेले होते. या केंद्राची खरी थोरवी मला येथे दिसली: बॉम्बवर्षाव झेललेल्या लोकांच्या आठवणीही त्यांनी आपल्या संग्रहात जपल्या आहेत. कोवळ्या वयात गेलेल्या मुलांचा शोक करताना त्यांच्या कामाचा परिणाम झाकून ठेवलेला नाही, आणि तो परिणाम सांगताना त्या मुलांना दूरही लोटलेले नाही. अशा विषयावर हा तोल सांभाळणारी जागा मी दुसरी पाहिलेली नाही.

भेटीसाठी अर्धा दिवस हाताशी ठेवावा आणि टेकडीवर वारा बोचरा असल्यामुळे उन्हाळ्यातही जाकीट बरोबर घ्यावे. शक्यतो आधी प्रदर्शन पाहावे आणि नंतर भिंतींकडे जावे. मी उलट क्रमाने गेलो होतो. प्रदर्शन पाहून बाहेर आल्यावर बार्टनच्या नावापाशी पुन्हा एकदा गेल्यावाचून मला राहवले नाही.