फ्रिक्वेन्सी डब्लर: शॉटकी, व्हॅरेक्टर की ट्रान्झिस्टर?

समजा हाताशी १२ गिगाहर्ट्झचा ५ डीबीएम (१ मिलीवॉटच्या तुलनेत डेसिबलमध्ये मोजलेली पॉवर) सिग्नल आहे आणि २४ गिगाहर्ट्झवर १० डीबीएम हवेत. बहुतेक जण आधी डब्लरची, म्हणजे फ्रिक्वेन्सी दुप्पट करणाऱ्या सर्किटची, कार्यक्षमता बघतात. माझ्या मते आधी दोनच गोष्टी ठरवाव्यात: बँडविड्थ (फ्रिक्वेन्सींचा पट्टा) किती हवी आणि इनपुटला पॉवर किती देता येईल. कार्यक्षमतेचा आकडा त्यानंतर.

शॉटकी डायोडचा (धातू आणि अर्धवाहक यांच्या जोडाचा वेगवान डायोड) रेझिस्टिव्ह डब्लर कागदावर अगदीच गरीब दिसतो. आदर्श अवस्थेतही त्याची कार्यक्षमता २५ टक्क्यांवर जात नाही, म्हणजे ६ डीबी लॉस ठरलेलाच. प्रत्यक्षात १० ते १२ धरून चला. डायोड नीट चालू-बंद व्हायला साधारण १५ डीबीएम ड्राइव्ह (इनपुट पॉवर) लागतो. म्हणजे आपल्या उदाहरणात आधी १० डीबीचा अ‍ॅम्प्लिफायर, बाहेर जेमतेम ४ डीबीएम, मग २४ गिगाहर्ट्झवर पुन्हा अ‍ॅम्प्लिफायर. तरीही रुंद पट्टा हवा असेल तर मी हाच घेईन. बायसची कटकट नाही, तापमानाने फारसा हलत नाही आणि स्वतःचा फेज नॉइज (सिग्नलच्या फेजमधली थरथर) जवळपास घालत नाही. (दुप्पट केल्यावर फेज नॉइज ६ डीबीने वाढतो, तो भुर्दंड मात्र कुठल्याच डब्लरला चुकत नाही.)

व्हॅरेक्टरची, म्हणजे व्होल्टेजनुसार कपॅसिटन्स बदलणाऱ्या डायोडची, गोष्ट उलटी. १९५६ च्या मॅनली-रो समीकरणांनुसार लॉस नसलेला नॉनलिनियर कपॅसिटर तत्त्वतः सगळी पॉवर हार्मोनिकमध्ये (मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटीतल्या सिग्नलमध्ये) बदलू शकतो. पण त्यासाठी दोन्ही फ्रिक्वेन्सींना काटेकोर मॅचिंग लागतं, पट्टा अरुंद होतो आणि ड्राइव्ह जरा बदलला की सर्किट स्वतःच दोलायला लागण्याची भीती. ट्रान्झिस्टर दमतात त्या फ्रिक्वेन्सींवर मात्र डायोडांना पर्याय नाही: २००९ साली सुटलेल्या हर्शेल अवकाश दुर्बिणीच्या हायफाय उपकरणात शॉटकी गुणकांच्या (फ्रिक्वेन्सी पटीत वाढवणाऱ्या सर्किटच्या) साखळ्या सुमारे १.९ टेराहर्ट्झपर्यंत लोकल ऑसिलेटर पुरवत होत्या.

२४ गिगाहर्ट्झ काही तेवढं वर नाही. इथे एफईटी (फील्ड इफेक्ट ट्रान्झिस्टर) डब्लर बहुधा जिंकतो. गेट पिंच-ऑफजवळ (जिथे करंट बंद होतो) बायस केलं की ड्रेन करंट तुकड्यातुकड्याने वाहतो; कंडक्शन अँगल (आवर्तनाच्या ज्या भागात करंट वाहतो तो) १२० अंशांच्या आसपास ठेवला की दुसरा हार्मोनिक सर्वाधिक मिळतो. ड्रेनला १२ गिगाहर्ट्झवर पाव तरंगलांबीचा ओपन स्टब (टोकाला उघडा लाइनचा तुकडा) लावा: मूळ सिग्नलला तो शॉर्ट, २४ ला अर्धी तरंगलांबी म्हणून दिसतच नाही. ५ डीबीएम ड्राइव्हवर भागतं, थोडा गेनही मिळू शकतो. बदल्यात डीसी पॉवर जाते आणि फ्लिकर नॉइज (कमी फ्रिक्वेन्सीवरचा नॉइज) कॅरियरजवळ, म्हणजे मुख्य सिग्नलजवळ, डोकावतो.

एकाच उडीत दहापट हवी असेल तर स्टेप रिकव्हरी डायोड; दुपटीसाठी त्याच्या वाटेला जाऊ नका.

पट्टा रुंदावला की हा निकाल बदलतो. इनपुट ८ ते १६ गिगाहर्ट्झ असेल तर आउटपुट १६ ते ३२. आता १६ ची मूळ फ्रिक्वेन्सी आउटपुटच्या काठावरच येते आणि ८ चा तिसरा हार्मोनिक, २४, थेट मधोमध. ना फिल्टर कामाचा ना स्टब. मग बॅलन्स्ड रचनाच हवी, जी विषम हार्मोनिक आपसातच कापते, आणि ते किती कापले जातील हे बॅलनच्या (सिग्नल दोन उलट फेजांत वाटणाऱ्या भागाच्या) फेज व अँप्लिट्यूड समतोलावर ठरतं. बोर्डवरची जागा आणि वेळ तिथेच खर्च करा.