जुना क्रोनोग्राफ: रंगवलेला की जसाच्या तसा?

क्रोनोग्राफ म्हणजे बटण दाबून वेळ मोजता येणारं घड्याळ. माझ्या दोन्ही घड्याळांत मशीन एकच, व्हाल्जू 7733. रोज चावी द्यायची, तारीख नाही, तीनच्या बाजूला तीस मिनिटांची छोटी डायल. तेव्हा मशीनवरून वाद नको. दोन्ही माझ्याकडे आहेत, आणि निवड खरी डायलचीच आहे.

आधी घेतलं ते डायल नव्यानं रंगवलेलं, केसला, म्हणजे बाहेरच्या कवचाला, पॉलिश मारलेलं. असल्या कामाला परदेशी संग्राहक 'मुंबई स्पेशल' म्हणतात, कौतुकानं नव्हे. पण हातात घातल्यावर दिसतं देखणं, ऑफिसात तिघांनी विचारलं. अंधारात काटे लख्ख चमकतात. शंका खरं तर तिथंच यायला हवी होती. डायलच्या तळाशी 'टी स्विस टी' असं छापलंय, म्हणजे चमकण्यासाठी ट्रिटियम हा किरणोत्सारी पदार्थ वापरलेला. साधारण 12 वर्षांत ते निम्मं होतं. पन्नास वर्षांनी जेमतेम सोळावा हिस्सा उरणार. एवढं चमकतंय म्हणजे नंतर कोणीतरी भरलंय.

तेही मी चालवून घेतलं असतं. डोक्यात गेली ती मिनिटांची छोटी डायल. दादरला फास्ट लोकल सुटली की बटण दाबायचं आणि ठाण्याला थांबवायचं, हा माझा जुना चाळा. आणि रोज तोच घोळ: 24 की 25? काटा दोन रेघांच्या मधे. कारागिराकडून तो शून्यावर नीट बसवून घेतला, तर पंधरावर हुकायला लागला. मग कळलं, काट्याचा दोष नाही. छपाईच मध्यापासून केसभर सरकलीय. डोळ्यांना एरवी दिसतही नाही, पण एकदा कळल्यावर दुसरं काही दिसेना.

दुसरं गिरगावातल्या एका निवृत्त गृहस्थांकडून घेतलं. पांढरी डायल आता सायीसारखी पिवळसर झालीय, चारच्या खाली दोन काळे ठिपके आहेत, काचेवर ओरखडे. रात्री काहीच दिसत नाही. पैसे जवळपास दीडपट गेले, घरी सांगताना आकडा थोडा कमी केला. पण पॉलिशनं न झिजलेल्या केसच्या कडा अजून बोटाला लागतात, आणि छोट्या डायलचा मिनिटकाटा रेघेवर म्हणजे रेघेवरच थांबतो.

सगळीच रंगवलेली डायल अशी निघेल असं नाही, चांगला हातही असतो. फक्त घेण्याआधी बटण दाबून दुकानातच पंधरा मिनिटं बसा, चहा मागवा, काटा बघा. विक्रेता कंटाळला तर कंटाळू दे. नुसतं मिरवायला हवं असेल तर रंगवलेलं वाईट नाही. मोजायची सवय असेल, तर मी तरी ठिपक्यांसकट जुनंच घेईन.

जूनपासून मात्र मनगटावर पहिलंच असतं. पाणी दोघांनाही सोसत नाही, पण ते भिजलं तर जीव तेवढा कळवळत नाही.