कॉलर, कॅमेरा की लेंड्या? राधानगरीत सांबर-भेकरांचा अभ्यास करणाऱ्यांसाठी

कोल्हापुरातून वन्यजीवांवर संशोधन करू पाहणाऱ्या बहुतेकांना सुरुवातीला रेडिओ कॉलरच खुणावते. प्राणी पकडायचा, गळ्यात पट्टा बांधायचा आणि त्याचा माग काढत राहायचं. माझं मत आधीच सांगतो. राधानगरी-दाजीपूरच्या रानात सांबर, भेकर कुठं आहेत, किती आहेत, कधी फिरतात एवढंच शोधायचं असेल, तर प्राण्याला हात लावू नका. मात्र एकच सांबर वर्षभर कुठंकुठं जातं, घाटरस्ता ओलांडतं का, उत्तरेला चांदोलीच्या बाजूला सरकतं का, हे हवं असेल तर कॉलरशिवाय गत्यंतर नाही.

पकडणं हा यातला सगळ्यात जोखमीचा भाग, म्हणून त्यावर नीट विचार करा. जाळ्यात हाकलून किंवा भुलीचा डार्ट मारून हरीण पकडतात. हरणाची जात मुळातच भित्री. जिवाच्या आकांतानं धावून, धडपडून त्याचे स्नायू आतून मोडतात, रक्तात आम्ल साचतं, अंगाचा ताप वाढतो. सुटून पळालेलं, वरवर ठणठणीत दिसणारं जनावरही यामुळं काही दिवसांनी दगावू शकतं. डार्ट लागल्यावर ते लगेच पडत नाही, काही मिनिटं पळतं. दाजीपूरच्या उतारांवर त्या मिनिटांत ते ओढ्यात किंवा कड्याखाली जाऊ शकतं. पडल्यावर कुशीवर राहिलं तर पोट फुगतं, रवंथाचं पाणी फुप्फुसात जातं. म्हणून त्याला छातीवर बसतं ठेवायचं, मान उंच आणि तोंड खाली करायचं, डोळे झाकायचे, ताप मोजत राहायचा आणि काम उरकताच भूल उतरवणारं औषध द्यायचं. हे सगळं पकडकामाचा अनुभव असलेल्या पशुवैद्यानंच करायचं आणि तेही थंड वेळी. तसा पशुवैद्य सोबत नसेल तर पकडण्याचा विचार सोडून द्या, इतकं मी स्पष्ट म्हणेन. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. तिला लागणारा वेळ अभ्यासाच्या वेळापत्रकात आधीच धरा.

कॉलरमध्येही निवड आहे. साधी व्हीएचएफ कॉलर, म्हणजे नुसते रेडिओ संकेत सोडणारी, स्वस्त, पण अँटेना घेऊन दोन-तीन ठिकाणांहून दिशा घ्यायच्या आणि त्या रेषा कुठं मिळतात ते बघायचं. सह्याद्रीच्या दऱ्यांत संकेत डोंगरावर आपटून परततो आणि जनावर भलत्याच बाजूला असल्याचा भास होतो. जीपीएस कॉलर ही पायपीट वाचवते, पण एकेकीची किंमत लाखात जाते. तिची दुसरी अडचण लोकांच्या ध्यानात येत नाही. झाडांच्या दाट छताखाली उपग्रहांशी संपर्क तुटतो, उघड्या सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या खडकाळ पठारावर मात्र नोंदी भरभरून मिळतात. नकाशा बघून वाटतं की सांबर सड्यावरच राहतं, प्रत्यक्षात जंगलातल्या नोंदी गळालेल्या असतात. ही गळती मोजली नाही तर निष्कर्षच उलटा निघेल. नर सांबराची मान माजावर असताना फुगते, त्यामुळं पट्टा सैल होणारा आणि ठरल्या वेळी गळून पडणारा असावा. कॉलरचं वजन प्राण्याच्या वजनाच्या ५ टक्क्यांच्या आतच, जमल्यास त्याहून बरंच कमी. जेमतेम २ ते ४ किलोच्या पिसोरी हरणाला म्हणूनच नेहमीची कॉलर बसत नाही.

पिसोरीसाठी ट्रॅप कॅमेराच, म्हणजे प्राणी समोर आला की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा, बरा. तो तिच्या उंचीला, म्हणजे आपल्या पोटरीच्याही खाली बांधा आणि झुडपातल्या बारीक वाटेवर ठेवा. सांबरासाठीची उंची ठेवलीत तर पिसोरी खालून निघून जाईल. कॅमेरा रात्रंदिवस जागा असतो, म्हणून हालचालींच्या वेळा तो उत्तम सांगतो. चितळाच्या ठिपक्यांवरून एकेक प्राणी ओळखता येतो, सांबर आणि भेकरात ती सोय नाही. पन्नास फोटो म्हणजे पन्नास सांबरं नव्हेत. कॅमेरे लावायलाही वनखात्याची परवानगी हवीच.

लेंड्या आणि खुरांचे माग ही सगळ्यात कमी खर्चाची पद्धत, पण पावसाळ्यात ती इथं मोडीत निघते. पाऊस आणि शेणकिडे लेंड्या टिकू देत नाहीत. दिवाळीनंतर जमिनीवर ठरावीक चौकोन आखून जुन्या लेंड्या झाडून घ्या आणि मे संपेपर्यंत ठरावीक दिवसांनी नव्या लेंड्या मोजा. गावाजवळ शेळीच्या आणि भेकराच्या लेंड्यांत गल्लत होते, तिथं स्थानिक वनरक्षकाला किंवा गुराख्याला सोबत घ्या. त्यांच्या नजरेला तोड नाही. ताज्या लेंडीतून डीएनए मिळाला तर प्रजाती आणि कधीकधी तो प्राणीही ओळखता येतो, पण त्यासाठी प्रयोगशाळेची सोय आधी लावावी लागते.

एम.एस्सी.चा एका हंगामाचा प्रकल्प असेल तर मी लेंड्या आणि कॅमेरे एकत्र घेईन. पीएच.डी.ला तीन-चार वर्षं, निधी आणि अनुभवी पशुवैद्य हाताशी असेल तर पहिलं वर्ष याच दोन पद्धतींवर घालवा, सांबरांचे पाणवठे आणि वाटा कळू द्या, आणि मग मोजक्याच सांबरांना कॉलर घाला. भेकर आणि पिसोरीला मात्र मी पकडणार नाही.