रक्त घेण्याआधी मनाची विचारपूस

आईला आणि मावशीला स्तनाचा कॅन्सर झालेला, म्हणून बीआरसीए तपासणीसाठी (या जनुकांत दोष असेल तर स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढतो) पुण्यातल्या एका रुग्णालयात जनुकीय समुपदेशनाला गेले. रक्त घेण्याआधी हातात कागद आला: थर्मामीटरसारखी 0 ते 10 ची पट्टी, गेल्या आठवड्यात ताण किती? खाली झोप, पैसा, मुलं असे रकाने. मी 7 वर खूण केली, ‘मुलं’वर टिक. समुपदेशक मॅडमनी बोलणं तिथूनच सुरू केलं. माझ्यात दोष निघाला तर प्रत्येक मुलात तो उतरण्याची शक्यता 50 टक्के, पण दोष असणं म्हणजे कॅन्सर होणारच असं नाही, हे वंशवृक्ष काढून नीट समजावलं. सासरी कसं सांगायचं, यावरही बोलल्या. फार बरं वाटलं. फॉर्म मात्र इंग्रजीत. शेजारच्या काकूंना मीच वाचून दाखवला. तो मराठीत हवाच. शिवाय रिपोर्ट आल्यावरही पुन्हा भरून घ्यावा, ही विनंती.